मालवणला निघालाय? विहिरीतलं पोहणं समुद्रात चालत नाही. भरती-ओहोटीचा हिशेब घरातनंच करून निघा

राधानगरी : भाताची मळणी उरकली, ऊस तुटून गेला, बिल खात्यावर जमा झालं की जिल्ह्याच्या घाटाकडच्या तालुक्यांतून कोकणाकडं गाड्या सुटायला लागतात. कधी भावकीतल्या तीन घरांची मिळून एक गाडी, कधी तरुण मंडळाची ट्रिप, कधी बचत गटातल्या बायकांची एसटी. जायचं कुठं म्हटलं की पहिलं नाव निघतं मालवणचं. घाट उतरला की चार-पाच तासांत समुद्र दिसतो, किल्ला बघायला मिळतो, मासे खायला मिळतात आणि गाव निवांत आहे.

पण दरवर्षी याच दिवसांत किनाऱ्यावरून वाईट बातम्याही येतात. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले ८ जण एकाच वेळी बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. आपल्याकडं विहिरीत, नदीत, धरणाच्या पाण्यात पोहलेली पोरं समुद्राला तसंच पाणी समजतात. तिथंच घात होतो. त्यामुळं मालवणला जरूर जावं, पण समुद्र कसा चालतो हे आधी समजून घेऊन जावं. त्याचीच ही माहिती.

गाव कसं आहे?

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे, पण शहरासारखी घाई नाही. अरुंद रस्ते, कौलारू घरं, दारात माड-पोफळी. दुपारी जेवणं झाली की बरीच दुकानं बंद होतात आणि चारच्या पुढं परत उघडतात. आपला माणूस दुपारी दोनला बाजार करायला गेला तर कुलपं बघून चिडतो. तिथं ती रीतच आहे. खरेदी सकाळी नाहीतर संध्याकाळी करायची, दुपारी जेवून तास-दोन तास पडायचं.

संध्याकाळी बंदरावर होड्या लागतात आणि माशांचा लिलाव होतो. टोपल्या उतरतात, बोली लागते, बघता बघता माल गाडीत जातो. गुळाचा सौदा पाहिलेल्याला हा प्रकार लगेच कळतो. फक्त मधे उभं राहून फोटो काढत अडथळा करू नये. त्यांचा तो रोजचा धंदा आहे.

गावातच मेढा भागात जय गणेश मंदिर आहे. ते बांधलं 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांनी. ते मूळ मालवणचे. आपल्या घरात भिंतीवर लागलेलं कालनिर्णय समुद्रावर जातानाही उपयोगाला येतं. ते कसं, ते पुढं आहे.

जायचं कसं आणि कधी?

राधानगरी, भुदरगड, कागल, करवीरकडच्यांना फोंडा घाट सोयीचा. राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली, कसाल आणि मग मालवण. गगनबावडा, पन्हाळ्याकडून करूळ घाटानं वैभववाडीत उतरता येतं. आजरा, चंदगड, गडहिंग्लजकरांना आंबोली घाटातून सावंतवाडी, कुडाळमार्गे मालवण गाठता येतं. दरड किंवा रस्त्याच्या कामामुळं घाट अधूनमधून बंद असतात. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी.

दाजीपूरच्या जंगलातून जाताना अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर येतात. पहाटे धुकं असतं. भरलेली गाडी घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर सोडू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवावी. उजेड असताना घाट उतरायचा आणि उजेड असतानाच चढायचा, हा साधा नियम पाळला तरी निम्मी काळजी मिटते.

एसटीनं जाणाऱ्यांना सवलतीचा फायदा मोठा आहे. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे. आजी-आजोबांना समुद्र दाखवायचा असेल तर आधार कार्ड विसरू नका. मुंबईचे पाव्हणे रेल्वेनं येणार असतील तर त्यांनी कणकवली, सिंधुदुर्ग नाहीतर कुडाळ स्टेशनला उतरावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. दिवाळीची सुट्टी, नाताळ, वर्षअखेर आणि मे महिना या दिवसांत गर्दी आणि भाडं दोन्ही वाढतं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला याच तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा असते. तिची तारीख देवीच्या कौलानं ठरते. लाखोंनी माणूस येतं. त्या दिवसांत खोली मिळत नाही, रस्ते भरलेले असतात. जत्रेलाच जायचं नसेल तर तारीख बघून बेत करा. शेतकऱ्याला सोमवार काय आणि रविवार काय, सारखाच. मंगळवार-बुधवार धरून गेलात तर खोली स्वस्त आणि किनारा मोकळा मिळतो.

पावसाळ्यात मात्र समुद्रात उतरायचा विचारही नको. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात. किल्ला लांबूनच बघावा लागतो.

समुद्र आणि विहीर यात फरक काय?

विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं. नदीचं पाणी एकाच दिशेला वाहतं आणि काठ दोन्हीकडं जवळ असतो. समुद्राचं पाणी मात्र एकाच वेळी तीन प्रकारे हलतं. लाटा किनाऱ्याकडं येतात, आलेलं पाणी खालून आणि बाजूनं परत जातं, आणि या सगळ्याच्या वर भरती-ओहोटीमुळं समुद्राची पातळीच वर-खाली होत असते. पट्टीचा पोहणारा यातल्या एकाशी झुंजेल, तिन्हींशी नाही.

दुसरं म्हणजे तळ. विहिरीच्या पायऱ्या कुठं संपतात हे आपल्याला पाठ असतं. समुद्रात आज गुडघाभर पाणी होतं तिथं उद्या खड्डा पडलेला असतो, कारण वाळू सारखी सरकत असते. कंबरभर पाण्यात उभं असताना पायाखालची वाळू निघून जाते आणि माणूस पुढच्या पावलाला गळ्याएवढ्या पाण्यात जातो.

भरती-ओहोटीचा हिशेब कालनिर्णयवरून

दिवसभरात साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरती पूर्ण झाल्यावर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. म्हणून काल सकाळी ज्या वेळेला किनारा छान होता, चार दिवसांनी त्याच वेळेला तिथं पाणी भरलेलं असतं.

कोकणात यासाठी जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. उदाहरणार्थ चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, पहाटे आणि दुपारीही. दशमीला साडेसात. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य पक्ष, हिशेब एकच. ओहोटी हवी असेल तर त्यात सहा तास मिळवायचे.

हा अंदाज आहे. अर्धा-एक तास मागं-पुढं होतो, आणि सप्तमी-अष्टमीच्या आसपास जास्तच हलतो. तरी घरातनं निघताना तारीख ठरवायला पुरेसा आहे. तिथं पोचल्यावर बंदरावरच्या होडीवाल्याला नाहीतर घरमालकाला "आज भरती कितीला?" एवढं विचारायचं. त्यांना ते तोंडपाठ असतं.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असतं. भरती जास्त वर चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. म्हणजे पाणी जास्त आत-बाहेर होतं आणि ओढही जास्त लागते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाण्याचा चढउतार कमी असतो. लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर पौर्णिमा-अमावास्येचे चार दिवस टाळून गेलेलं चांगलं.

माणूस ओढला जातो तो कसा?

उसाच्या सरीत पाणी भरत आलंय आणि बांध एका जागी फुटला, तर काय होतं? सगळ्या सरीतलं पाणी त्या एका फुटीतून जोरात सुटतं. समुद्रात हेच होतं. लाटा पाणी आणून किनाऱ्याजवळ साठवतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात जिथं सखल जागा किंवा चर असेल तिथून ते एका पट्ट्यात समुद्राकडं धावतं. याला इंग्रजीत रिप करंट म्हणतात. आपण परतीचा ओढा म्हणू.

फसवणूक अशी की हा पट्टा वरून शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस येतो आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही. घाटावरचा माणूस म्हणतो, "हितं पाणी गप आहे, हितंच उतरूया." आणि नेमका तिथंच उतरतो. पाण्याचा रंग गढूळ किंवा जास्त गडद असणं, फेस आणि कचरा समुद्राकडं जाताना दिसणं, या त्याच्या खुणा. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं काठावर बसून नुसतं बघितलं तरी हा पट्टा ओळखू येतो. ओहोटी चालू असताना ही ओढ जास्त जोर करते.

सापडलात तर काय करायचं?

पहिली गोष्ट, उलट पोहायचं नाही. माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडं हात मारतो, पाच मिनिटांत दमतो आणि दमल्यामुळं बुडतो. हा ओढा माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. म्हणून पाठीवर पडून तरंगत राहायचं, तोंड पाण्याच्या वर ठेवायचं आणि एक हात वर करून ओरडायचं. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवं पोहत जायचं. ओढ्याचा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो. त्याच्या बाहेर पडलं की लाटाच माणसाला किनाऱ्याकडं ढकलतात.

दुसरी गोष्ट, बुडणाऱ्याला वाचवायला मोकळ्या हातानं उडी मारायची नाही. भाऊ बुडतोय म्हणून दुसरा भाऊ जातो, त्याच्या मागं तिसरा, आणि घरातली सगळी पोरं जातात. जे काही तरंगेल ते फेकायचं. रिकामा प्लास्टिकचा कॅन, गाडीतली हवा भरलेली ट्यूब, दोरी, लाइफ जॅकेट. जीवरक्षक आणि होडीवाल्यांना हाक मारायची आणि ११२ ला फोन लावायचा.

तिसरी गोष्ट, बाहेर काढल्यावर. अजूनही गावाकडं बुडालेल्या माणसाला पाठीवर टाकून गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढत बसतात. त्यात वेळ जातो. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला सपाट जागेवर उताणं झोपवून तोंडानं श्वास द्यायचा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहायचं. मिनिटाला शंभरच्या वर दाब पडले पाहिजेत. तोवर दुसऱ्यानं १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात दाखवायचंच, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी नंतर त्रास देतं.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही. ट्रिपमधल्या चौघांनी घेतली असेल तर त्यांना पाण्यापासून लांब ठेवायची जबाबदारी उरलेल्यांची. तेवढ्यापुरता वाईटपणा घ्यावा.

कुठल्या किनाऱ्यावर काय?

चिवला किनारा गावालाच लागून आहे. वळसेदार, बसायला छान. दरवर्षी इथं समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, पण ते सराव केलेले जलतरणपटू असतात. आपण गुडघाभर पाण्यात पाय भिजवावेत. जवळच रॉक गार्डन आहे. तिथला सूर्यास्त बघण्यासारखा असतो. फक्त खडकावर शेवाळ असतं आणि मोठी लाट न सांगता येते. फोटोसाठी कडेच्या खडकावर जाऊ नका.

तारकर्ली गावापासून सहा-सात किलोमीटरवर. लांबच लांब पांढरट वाळू आणि सुरूची झाडं. पर्यटन महामंडळाचा निवास आणि स्कुबा डायव्हिंग शिकवणारी त्यांची संस्था इथंच आहे. मालवणच्या आसपासच्या २९.१२ चौरस किलोमीटर समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर केलं आहे. पाण्याखाली प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हात धरून खाली नेतो. मात्र दमा, हृदयविकार, ब्लडप्रेशर असेल तर लपवू नका. पैसे वाया जातील म्हणून गप्प बसणं महागात पडतं.

तारकर्लीच्या पुढं देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माडांच्या सावलीत घरं. शेवटी नदी समुद्राला मिळते तो संगम. बघायला सुंदर, पण उतरायला सगळ्यात वाईट जागा. ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी आणि भरतीचं साठलेलं पाणी दोन्ही एकदम बाहेर पडतं. पंचगंगेच्या पुराचा जोर ज्यानं बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. संगम बोटीतून बघावा, अंगावर लाइफ जॅकेट घालून.

वाळूवर गाडी घालायचा मोहही आवरा. ओली वाळू टणक वाटते. गाडी थांबली की चाक रुततं, वर भरती चढायला लागते आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं.

सिंधुदुर्ग किल्ला

मालवणला जाऊन किल्ला बघितला नाही असं होत नाही. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झालं. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं गेलं. साडेतीनशे वर्षं लाटा खाऊन तट उभा आहे. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडी विहीर, हे बघून शेतकरी माणूस थांबतोच. किल्ल्यावर आजही काही घरं नांदती आहेत.

होडी बंदरावरून मिळते. होडीत किती माणसं घ्यायची हे लिहिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त भरत असतील तर उतरून पुढच्या होडीची वाट बघा. लाइफ जॅकेट मांडीवर घेऊन बसू नका, अंगात घालून पट्टे बांधा. परतीची शेवटची होडी कितीला आहे हे जातानाच विचारून ठेवा. बंदराजवळच राजकोटला महाराजांचा पुतळा आहे. आधीचा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, त्यानंतर २०२५ मध्ये नवा उभारला गेला.

धामापूरचा तलाव : चुकवू नये अशी जागा

बहुतेक ट्रिपा समुद्र आणि किल्ला करून परततात. मालवण-कुडाळ रस्त्यावर चौके गावाच्या पुढं धामापूर आहे. मालवणपासून साधारण पंधरा किलोमीटर. येताना किंवा जाताना वाटेवरच होतं. दोन्हीकडं झाडीचे डोंगर, मधे निळं-हिरवं पाणी आणि काठाला भगवती देवीचं देऊळ. समुद्राच्या गडबडीनंतर इथली शांतता जाणवते.

हा तलाव नैसर्गिक नाही, माणसांनी बांधलेला आहे. १५३० मध्ये नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीनं तो बांधल्याचं सांगितलं जातं. म्हणजे आपल्या राधानगरी धरणाच्याही पावणेचारशे वर्षं आधी. सिंचन आणि जलनिस्सारणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला.

याचं महत्त्व शेतकऱ्याला लवकर कळेल. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी एप्रिल-मे महिन्यात वाड्यांवर पाण्याची ओढाताण असते. कारण जमीन उताराची आणि जांभ्या दगडाची. पाणी थांबत नाही, काही मुरून निघून जातं आणि बाकीचं ओढ्यांवाटे समुद्राला मिळतं. अशा मुलखात दोन डोंगरांमधली खिंड बघून तिथं मातीचा बांध घालायचा, वरच्या डोंगरावरची झाडी राखायची आणि साठलेलं पाणी खालच्या भातशेतीला, पोफळीच्या बागांना द्यायचं, हे शहाणपण त्या लोकांकडं होतं. मशीन नव्हतं, सिमेंट नव्हतं. वरची झाडी टिकली म्हणून गाळ कमी आला आणि तलाव पाचशे वर्षं टिकला. आपल्याकडं किती पाझर तलाव वीस वर्षांत गाळानं भरले, याचा विचार त्या काठावर बसून करावा.

या तलावाची एक गोष्टही सांगतात. गावात लग्न निघालं की नवरीच्या दागिन्यांसाठी देवीला साकडं घालायचे. फुलांचे दागिने करून परडीत ठेवून पाण्यात सोडायचे आणि परडी वर यायची ती सोन्याचे दागिने घेऊन. कार्य झालं की ते परत द्यायचे. एकानं परत केले नाहीत आणि तेव्हापासून देणं बंद झालं. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, सांगणं सरळ आहे. पाण्याकडून घेतलेलं परत द्यावं लागतं.

मालवण शहराला पिण्याचं पाणी याच तलावातून जातं. म्हणून इथं अंघोळ, कपडे, गाडी धुणं, साबण लावणं, जेवणाची पत्रावळ टाकणं यातलं काही करू नये. पोहायलाही उतरू नये. तलाव खोल आहे आणि काठाला मदतीला कोणी नसतं. हॉटेलात जे पाणी पिऊन आलात त्यातच पाय धुतल्यासारखं होईल.

राहणं, खाणं आणि खर्च

तारकर्ली, देवबाग, वायरी आणि मालवण गावात घरगुती राहण्याची सोय बरीच आहे. 'निवास-न्याहारी'चे फलक दिसतात. मोठ्या हॉटेलपेक्षा हे परवडतं आणि घरचं जेवण मिळतं. फोनवर ठरवताना चार गोष्टी स्पष्ट विचारा. खोलीत किती माणसं चालतील, लहान मुलांचे वेगळे पैसे का, जेवणाचा दर काय आणि गाडी लावायला जागा आहे का. अनोळखी नंबरवर सगळी रक्कम आधी पाठवू नका. थोडा ॲडव्हान्स द्या, बाकी पोचल्यावर.

मासळीच्या ताटाचा दर मासा कुठला यावर ठरतो. बांगडा स्वस्त, सुरमई-पापलेट महाग. ऑर्डर द्यायच्या आधी दर विचारला तर त्यात कमीपणा नाही. दहा माणसांचं बिल बघून नंतर वाद घालण्यापेक्षा ते बरं. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सोलकढी, आंबोळी, घावणे हे खाऊन बघावं. मासे न खाणाऱ्यांचीही अडचण होत नाही. कुळथाची पिठी आणि भात, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे मिळतात. येताना मालवणी खाजा, कोकम आणि आगळ आणावं. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी समुद्रमासळी फारशी मिळत नाही.

दोन दिवसांचा बेत

पहिल्या दिवशी पहाटे उजाडताना घाट उतरायचा. दुपारी जेवून विश्रांती. चारनंतर चिवला, रॉक गार्डन, सूर्यास्त आणि बंदरावरचा लिलाव. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर किल्ला, मग भरती-ओहोटी बघून तारकर्ली-देवबाग. जेवण करून निघायचं आणि वाटेत धामापूरला तासभर थांबून कुडाळमार्गे महामार्गाला लागायचं. उशीर झाला तर मुक्काम वाढवा, पण रात्री घाट चढू नका.

निघण्याआधी एवढं लक्षात ठेवा

- कालनिर्णयवर तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्या टाळा.
- समुद्रात गुडघ्याच्या वर पाणी नको. लहान मुलाचा हात एका मोठ्या माणसानं धरलेलाच पाहिजे.
- शांत दिसणाऱ्या पट्ट्यात, नदीच्या मुखाशी आणि अंधार पडल्यावर उतरू नका.
- तिथला माणूस "नको उतरू" म्हणाला की वाद न घालता बाहेर या. तो समुद्र रोज बघतो, आपण वर्षातनं एकदा.
- गाडीत मोठी दोरी आणि दोन-तीन रिकामे, झाकण लावलेले कॅन ठेवा.
- मदतीसाठी ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८.
- पाण्यातनं बाहेर आल्यावर आणि गाडी सुरू करण्याआधी माणसं मोजा. जेवढी घरातनं निघाली तेवढी सगळी गाडीत बसली की मगच गाडी हलवा.